कुत्रे काय शिकले होते?

१९६४ सालच्या शरद ऋतूत फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली एक प्रयोगशाळा पार वैतागून गेली होती. प्रयोगशाळा रिचर्ड सॉलोमन यांची. भीती कशी शिकली जाते, या विषयातलं त्या काळातलं हे मोठं नाव. यंत्रं नीट चालत होती, आखणी चोख होती, आणि कुत्रे मात्र ढिम्म बसून होते.

प्रयोग दोन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्यात कुत्र्याला कापडी झोळीत अडकवून एक सूर ऐकवायचा आणि लगोलग विजेचा झटका द्यायचा. इजा होऊ नये, पण दुखावं, इतपत. दुसऱ्या टप्प्यात त्याला दोन खणांच्या पेटीत ठेवायचं. दोन खणांच्या मध्ये कुत्र्याच्या खांद्याइतकी उंच आडवी फळी. एका खणाच्या तळातून झटका बसतो, फळी ओलांडून पलीकडे उडी मारली की सुटका. साधा, कुठूनही आणलेला कुत्रा हे चारदोन फेऱ्यांत शिकतो. सॉलोमन यांच्या विद्यार्थ्यांना पाहायचं होतं ते एवढंच, की झोळीत ऐकलेला सूर पेटीत पुन्हा वाजवला तर कुत्रा झटक्याची वाट न पाहता उडी मारतो का. पण सुरापर्यंत गोष्ट गेलीच नाही. झोळीतून आलेले कुत्रे प्रत्यक्ष झटका बसत असतानाही उठेनात. थोडी धावाधाव करायची, मग खाली बसायचं आणि कण्हत राहायचं.

ब्रूस ओव्हरमायर आणि रसेल लीफ या विद्यार्थ्यांनी हे आधीच टिपलं होतं, पण त्यांच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने ती अडचण होती. त्याच सुमारास प्रिन्स्टनहून पदवी घेऊन बावीस वर्षांचा मार्टिन सेलिगमन तिथे दाखल झाला. अडचण हाच शोध आहे, असं आपल्याला पहिल्याच भेटीत वाटलं, असं त्याने पुढे लिहिलं. यशस्वी माणसांच्या आठवणी थोड्या रंगवलेल्या असतातच, त्यामुळे ‘पहिल्याच भेटीत’ हे शब्द जपूनच घ्यावेत. पण प्रश्न त्याने अचूक पकडला होता: झोळीत कुत्र्याने काहीही केलं तरी झटका थांबत नव्हता. धडपडला तरी तेच, भुंकला तरी तेच, गप्प राहिला तरी तेच. मग ‘आपल्या करण्याने काही होत नाही’ हेच तो शिकला असेल का?

आज हा प्रश्न साधा वाटतो. तेव्हा तो जवळजवळ पाखंड होता. अमेरिकेतल्या मानसशास्त्रावर वर्तनवादाचं राज्य होतं. प्राणी कृती शिकतो; बक्षीस मिळालं की ती कृती पक्की होते, शिक्षा झाली की गळून पडते. प्राण्याला ‘वाटतं’, तो ‘अपेक्षा करतो’ ही भाषा शहाण्या माणसाने वापरायची नाही असा दंडक होता. आणि हा पोरगा म्हणत होता की कुत्र्याने जगाबद्दल एक निष्कर्ष काढला आहे.

निष्कर्ष सिद्ध कसा करायचा? इथे सेलिगमनला जोडीदार मिळाला, स्टीव्हन मायर. १९६५ मध्ये दोघांनी आखलेली मांडणी पुढे शेकडो प्रयोगशाळांनी उचलली. तीन गट, प्रत्येकी आठ कुत्रे. पहिल्या गटातल्या कुत्र्याच्या डोक्याजवळ एक पट्टी. ती नाकाने किंवा डोक्याने दाबली की झटका बंद. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला झटके तेवढेच, आणि सरासरीने तितकाच वेळ.  दुसऱ्याच्या समोरही पट्टी होती, पण ती दाबून काही होत नसे. तिसऱ्या गटाला झटके नाहीतच.

या मांडणीची खुबी नीट पाहण्यासारखी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या गटाने भोगलेलं दुःख सारखंच होतं. फरक फक्त एक: एकाच्या हातात ते थांबवणं होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेटीत घातलं. पहिल्या गटातले सगळे शिकले. ज्यांना झटके मिळालेच नव्हते त्या गटातला एक वगळता सगळे शिकले. मधल्या गटातल्या आठपैकी सहा कुत्र्यांनी हार मानली. १९६७ मध्ये हे छापून आलं. दुःख माणसाला किंवा प्राण्याला मोडतं, ही आपली सर्वसाधारण समजूत. आकडे सांगत होते की मोडणारी गोष्ट दुःखापेक्षा त्यावर इलाज नसणं ही आहे. या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ हे नाव पडलं.

वर्तनवादी गप्प बसणार नव्हते. त्यांचा प्रतिवाद हुशार होता. झोळीतला कुत्रा कधीतरी थकून निपचित पडत असणार, योगायोगाने त्याच वेळी झटका थांबत असणार, आणि मग ‘निपचित पडणं’ ही कृती पक्की होत असणार. म्हणजे कुत्रा निष्कर्ष वगैरे काढत नाही, एक चुकीची कृती शिकतो, इतकंच. यावर मायरने केलेला प्रयोग मला या सगळ्या कहाणीत सर्वांत देखणा वाटतो. त्याने काही कुत्र्यांना मुद्दाम निपचित राहायलाच शिकवलं. स्तब्ध उभं राहिलं तरच झटका बंद. विरोधकांचं खरं असेल तर पेटीत हे कुत्रे सर्वांत वाईट ठरायला हवेत. झालं उलटंच. सुरुवातीला ते घुटमळले, पण मग उडी मारायला शिकले. स्तब्ध राहणं का असेना, ते ‘आपण केलं आणि झालं’ असं होतं.

उपायही सापडले. फळी काढून टाकली, पलीकडून हाका मारल्या, मांसाचे तुकडे टाकले, तरी हार मानलेला कुत्रा हलला नाही. शेवटी गळ्यात दोर बांधून त्याला पलीकडे ओढलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. कित्येक वेळा ओढल्यावर दोर सैल पडायला लागला आणि कुत्रा आपला आपण जाऊ लागला. आणखी एक गोष्ट कळली: ज्या कुत्र्यांना झोळीच्या आधी सुटकेचा अनुभव मिळाला होता, ते झोळीतूनही धडधाकट बाहेर पडले. देवीची लस टोचावी तसं. या कुत्र्यांच्या वाट्याला जे आलं ते वाचवत नाही. असे प्रयोग आज नीतिसमितीपुढे ठेवायलाही कोणी धजणार नाही. सेलिगमननेही त्याबद्दलची आपली अस्वस्थता पुढे लिहून ठेवली आहे आणि कुत्र्यांवरचे प्रयोग काही वर्षांत थांबवले.

एक अडचण मात्र होती, आणि तिची मुळं १९५८ मध्ये होती. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतल्या जोसेफ ब्रॅडी यांनी माकडांच्या चार जोड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. जोडीतल्या एका माकडाला कळ दाबून दोघांचाही झटका टाळता येई. दुसरं नुसतंच बसून. ज्याच्या हातात कळ होती त्याच माकडाच्या पोटात व्रण झाले आणि ते मेलं. साहेब लोकांना अल्सर होतो, ही त्या दशकातली लाडकी कल्पना. वर्तमानपत्रांनी ‘साहेब माकडां’ना डोक्यावर घेतलं. पण मग हातात कळ असणं चांगलं की वाईट?

उत्तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जे वाइस यांनी उंदरांवर शोधलं. त्यांना ब्रॅडींच्या बरोबर उलट निकाल मिळाला: ज्या उंदराला झटका थांबवता येत होता त्याच्या पोटात कमी व्रण, असहाय जोडीदाराच्या पोटात जास्त. ब्रॅडींची चूक निवडीत होती. चाचणीत जी माकडं कळ जास्त भराभर दाबत होती तीच त्यांनी ‘साहेब’ म्हणून निवडली होती, म्हणजे जी मुळातच धास्तावलेली होती ती. पण वाइस तिथेच थांबले नाहीत. त्यांनी आणखी एक रचना केली: झटका टाळायला जी कृती करायची ती केली की आधी स्वतःच छोटा झटका खायचा. या उंदरांची अवस्था असहाय उंदरांपेक्षाही वाईट झाली. म्हणजे हातात कळ आहे, जबाबदारी आहे, पण ती दाबून निश्चिंत होता येत नाही. मला तर यात बऱ्याच सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांचं आयुष्य दिसतं. (माणसाच्या अल्सरचं बरंचसं खापर आता एका जिवाणूवर फुटलं आहे. उंदरांचे ते व्रण मात्र ताणाचेच होते.)

माणसांकडे वळायला फार वेळ लागला नाही. १९७२ मध्ये डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी शहरी गोंगाटावरचे प्रयोग पुस्तकरूपाने आणले. त्यांनी बनवलेला गोंगाट मजेशीर होता. दोन माणसं स्पॅनिशमध्ये बोलताहेत, एक आर्मेनियनमध्ये, वर सायक्लोस्टाइल यंत्र, टेबलावरचं हिशेबाचं यंत्र आणि टंकलेखन यंत्र, सगळं एकत्र, १०८ डेसिबलला. आवाज चालू असताना लोकांनी कामं बऱ्यापैकी उरकली. फटका बसला तो आवाज थांबल्यावर. नंतर दिलेल्या मुद्रितशोधनात चुका वाढल्या, न सुटणारी कोडी लोकांनी पटकन सोडून दिली. पण काही जणांना सुरुवातीलाच एक बटण दाखवलं होतं: अगदीच सहन झालं नाही तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतरच्या कामात हेच लोक पुढे राहिले. तोच गोंगाट, तेवढाच वेळ, आणि न वापरलेलं एक बटण.

डोनाल्ड हिरोटो यांनी सेलिगमनची तीन गटांची मांडणी माणसांवर उतरवली, झटक्यांऐवजी कर्कश आवाज घेऊन. १९७४ मध्ये छापलेला निकाल कुत्र्यांसारखाच होता, पण त्यात एक नवी गोष्ट होती. काहींना सांगितलं होतं की हे कौशल्याचं काम आहे, काहींना सांगितलं होतं की नशिबाचा भाग आहे. नशीब ऐकलेले जास्त लवकर हातपाय गाळून बसले. आवाज सगळ्यांना सारखाच होता, सांगणं वेगळं होतं. शिवाय सरसकट सगळेच हरले नाहीत. साधारण एक तृतीयांश लोक काही केल्या हार मानत नव्हते, आणि उलट काही जण पहिल्यापासूनच गप्प बसून होते.

हीच फट १९७५ मध्ये ऑक्सफर्डला उघडी पडली. सेलिगमन तिथे व्याख्यान द्यायला गेला होता. श्रोत्यांत जेरोम ब्रूनर, नोबेल मिळवलेले निको टिंबर्जन अशी मंडळी. व्याख्यान झाल्यावर जॉन टीसडेल नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ उभा राहिला आणि त्याने साधे प्रश्न विचारले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे असहायता शिकली जाते, तर तीनातला एक का शिकत नाही? काही जण दोन दिवसांत सावरतात, काही कधीच नाही, ते का? कोणी फक्त त्या खोलीत हरतो, कोणी घरी जाऊनही हरलेलाच राहतो, ते का? सेलिगमनकडे उत्तर नव्हतं. त्याने टीसडेललाच सोबत घेतलं, आपली विद्यार्थिनी लिन ॲब्रॅमसन हिला घेतलं, आणि १९७८ मध्ये तिघांनी मिळून सिद्धान्त नव्याने लिहिला. सगळं अवलंबून आहे ते माणूस आपल्या अपयशाचं कारण स्वतःला काय सांगतो यावर. दोष माझा की बाहेरचा? कायमचा की तात्पुरता? सगळीकडे लागू की इथल्यापुरता? ‘पेपर अवघड होता’ आणि ‘मला डोकंच नाही’ या दोन वाक्यांत हे सगळं अंतर येतं. दुसरं वाक्य आपल्याकडे मुलांच्या तोंडी आपोआप येत नाही. ते घरून, वर्गातून पुरवलं जातं.

हे वर्गातलं काम कॅरोल ड्वेक यांनी आधीच हाती घेतलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी डिकन रेप्युची यांच्याबरोबर पाचवीच्या मुलांवर प्रयोग केला. ठोकळे लावून नक्षी जुळवायची. एक व्यक्ती नेहमी सुटणारी नक्षी देई, दुसरी नेहमी न सुटणारी. काही वेळाने दुसऱ्या व्यक्तीनेही सुटणारी नक्षी दिली, पहिल्या व्यक्तीसमोर मुलांनी सोडवलेल्या नक्षीसारखीच. कित्येक मुलांना ती जमेना. ठोकळे तेच, हात तेच, समोरचं माणूस बदललेलं. एखाद्या विषयाच्या तासाला मूल मुकं का होतं, याचं इतकं छोटं आणि इतकं स्पष्ट चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

१९७५ मध्ये ड्वेक यांनी अपयशापुढे कोलमडणारी बारा मुलं निवडली. सहा जणांना गणितात नुसतं यश मिळेल अशी व्यवस्था केली. उरलेल्या सहांना मधूनमधून अपयशही येऊ दिलं, आणि त्या वेळी सांगितलं की इथे प्रयत्न कमी पडला. शेवटी पुन्हा अवघड गणितं दिली तेव्हा यशावर वाढलेली मुलं पूर्वीसारखीच कोसळली. दुसरी टिकली, काही तर आधीपेक्षा सरस ठरली. बारा मुलं म्हणजे काही फार नव्हेत, आणि ‘प्रयत्न कमी पडला’ हे वाक्य शिक्षकाच्या हाती कोलीत होऊ शकतं. ज्याच्या घरी दिवाच नाही त्यालाही ते ऐकवता येतं. तरी केवळ सोपी गणितं देऊन आत्मविश्वास वाढवण्याचा खटाटोप फुकट जातो, हे त्यांनी वेळेत दाखवलं.

याच काळातला कनेक्टिकटच्या आर्डन हाउस या वृद्धाश्रमातला एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा प्रयोग भाषणांत फार वापरला जातो. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा; कुंडीतलं रोप निवडा, त्याला पाणी तुम्ही घाला, सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा ते सांगा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं आणि परिचारिका पाणी घालतील असं सांगितलं. १८ महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातल्या ४४ पैकी १३. भाषणात सहसा सांगत नाहीत ते असं, की मृत्यूच्या आकडेमोडीत नंतर चूक सापडली आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने काठावरचा ठरला. वृद्धांचं मन रमलं, ते जास्त हिंडूफिरू लागले, हे मानायला हरकत नाही. रोपाने आयुष्य वाढतं असं मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये.

सिद्धान्ताला काळी बाजूही मिळाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने दोन मानसशास्त्रज्ञांना कैद्यांच्या चौकशीच्या पद्धती आखायला नेमलं, आणि त्यांनी या असहायतेचाच आधार घेतला. कैद्याला आपल्या हातात काहीच नाही असं वाटायला लावायचं, म्हणजे तो बोलेल. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१४ मध्ये आपल्या अहवालात हे उघड केलं. त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर दिले गेल्याचंही त्यात आहे. या पद्धती माहिती मिळवायला परिणामकारक नव्हत्या, असा समितीचा निष्कर्ष. २००२ मध्ये सेलिगमनचं नौदलाच्या तळावर व्याख्यान झालं होतं. पकडल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी छळाला कसं तोंड द्यावं एवढ्यावरच आपण बोललो, असं तो सांगत आला आहे.

स्टीव्हन मायर या सगळ्या गाजावाजापासून दूर निघून गेला होता. कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डरला बसून तो उंदरांच्या मेंदूत शिरला. झटका बसतो तेव्हा नेमकं काय होतं? मेंदूच्या देठात पेशींचा एक पुंजका आहे, सेरोटोनिन सोडणारा. न थांबवता येणाऱ्या झटक्यांत तो जोरात पेटतो आणि नंतर काही दिवस जरा डिवचलं तरी भडकतो. उंदीर धडपड सोडून गप्प राहतो तो याच पुंजक्यामुळे. तर्क असा होता की ‘आपल्या हातात काही नाही’ हे मेंदूला कळलं की हा पुंजका पेटत असणार.

२००५ मध्ये मायरच्या गटाने एक वेगळा प्रयोग छापला. चाक फिरवून झटका थांबवू शकणाऱ्या उंदरांच्या कपाळामागचा, मेंदूच्या पुढच्या भागातला एक तुकडा औषधाने तात्पुरता बधिर केला. उंदरांनी चाक फिरवलं, झटके थांबवले, सगळं नीट केलं. आणि दुसऱ्या दिवशी ते असहाय उंदरांसारखे वागले. पुढे याच्या उलटही करून पाहिलं: झटका थांबवता न येणाऱ्या उंदरांमध्ये तोच भाग औषधाने चेतवला, तर ते जणू हातात चाक असल्यासारखे सावरले. म्हणजे देठातला पुंजका कोणत्याही लांबलेल्या त्रासात पेटतोच. शिकावं लागतं असं काही नाही. ती जुनी, जन्मजात प्रतिक्रिया. पुढचा मेंदू जेव्हा ओळखतो की ‘हे मी थांबवू शकतो’, तेव्हा तो खाली लगाम घालतो. आणि एकदा घातलेला लगाम पुढच्या, न थांबवता येणाऱ्या त्रासातही कामी येतो. लस टोचल्यासारखे टिकलेले ते कुत्रे आता समजू लागले.

२०१६ मध्ये मायर आणि सेलिगमन पुन्हा एकत्र लिहिते झाले. पन्नास वर्षांनी आपल्याच सिद्धान्ताबद्दल त्यांनी लिहिलं की आम्ही तो उलटा मांडला होता. झोळीतले कुत्रे असहायता शिकले नव्हते. ती तर होतीच. पट्टी दाबणारे कुत्रे काहीतरी शिकले होते. दोराने ओढले गेलेले कुत्रेही जुना धडा विसरले नाहीत, त्यांना पहिल्यांदा धडा मिळाला. एकाही मूळ निरीक्षणाला धक्का लागला नाही, अर्थ मात्र पार फिरला, आणि फिरवला तो ज्यांनी आधी लावला होता त्यांनीच. विज्ञानात असं क्वचित घडतं, आणि त्यासाठी सेलिगमनपेक्षा मला मायर जास्त मोठा वाटतो.

प्रकरण तिथेही मिटलेलं नाही. हे जवळजवळ सगळं काम नर उंदरांवर झालं होतं. २०१८ मध्ये त्याच बोल्डरच्या संशोधकांनी माद्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा झटका थांबवता येण्याचं ते संरक्षण माद्यांना मिळालेलं दिसलं नाही. माद्याही चाक फिरवायला शिकल्या, पण पुढचा मेंदू तसा लगाम घालताना आढळला नाही. उंदरांवरून माणसांतल्या स्त्रियांबद्दल निष्कर्ष काढायची घाई कोणी करू नये. पण नरांवरून सगळ्यांबद्दल काढले गेले होते, हेही लक्षात असावं.

तुमच्याकडे बी.एड.चं किंवा मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक असेल, तर ‘शिकलेली असहायता’ हे प्रकरण उघडून त्यातला शेवटचा संदर्भ कोणत्या सालचा आहे ते पाहा. २०१६ च्या आधीचा असेल, तर तिथे लावलेला अर्थ खुद्द लेखकांनीच फिरवला आहे.